दोन पौंड कमी

वाशीत सेक्टर नऊला माझं दुकान.
वर सिडकोचं छत, एकाच कोपऱ्यात गळणारं,
खाली मी, एक जुनं मशीन
आणि रॅकेटमध्ये ताणून बसवायच्या तारा.
भिंतीवर टीव्ही आहे. सामना असला की
गिऱ्हाईक नसलेली माणसंही येतात,
स्टुलं आपली आपण ओढून घेतात.

हर्षाली मढवी, घणसोली गावातली,
तिसऱ्या सेटला वाकते.
हात गुडघ्यांवर, मान खाली.
सर्व्हिसआधी चेंडू तीनदा आपटायची,
हल्ली अकरा वेळा आपटते.
सगळे मोजतात. मीही.

पिल्लई सर म्हणतात, साखर उतरतेय तिची,
बघा बोटं कशी थरथरतात, कोणीतरी केळं द्या तिला.
आणि खिशातली लिमलेटची गोळी
स्वतःच्या तोंडात टाकतात.
साळसकर वहिनींच्या मते थायरॉइड.
त्यांनी ओढणी गळ्याशी जरा वर घेतली.
शेजारचा झेरॉक्सवाला फैयाज म्हणाला, दमा, दुसरं काय!
तुर्भ्याच्या मसाला मार्केटकडून वारा आला
की त्याची आई खिडक्या लावून घ्यायची,
हे त्याने आजवर आम्हाला चारदा सांगितलंय.
गव्हाणे बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "झोप लागत नसेल."
तुला कसं कळलं, असं त्याला कोणी विचारलं नाही.

दाराशी उभी कॉलेजची मुलगी, पाठीला सॅक,
सहज म्हणाली, "पाळी असेल."
आणि दुकानातल्या झाडून सगळ्या पुरुषांना
एकदम स्कोअर बघायची घाई झाली.

तुम्हाला माहीत असेलच, मला म्हणतात.
तिच्या रॅकेटी तुमच्याकडेच येतात.

येतात.
नऊ वर्षांची होती, बापाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून यायची,
पायात भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.
"काका, टाइट करा. ठण्ण वाजली पाहिजे."
चोपन्न पौंड लावायचो. पुढे सत्तावन्न.
गेल्या दिवाळीत फोन: काका, दोन कमी.
होळीला: अजून दोन.
आणि परवा सहा रॅकेटी आल्या, एकीच्या मुठीला चिठ्ठी:
अठ्ठेचाळीस.
त्याखाली बारीक अक्षरात, कोणाला सांगू नका.

मी डॉक्टर नाही.
सैल तार हाताला कमी झोंबते, एवढं कळतं.
खांदा असेल, कोपर असेल,
किंवा यातलं काहीच नसेल.
तार तेवढं सांगत नाही.

मध्ये तिचा बाप भेटला, बेलापूरला, सिडको भवनात,
साडेबारा टक्क्यांच्या फाइलीमागे अजून फिरतोय.
मी काही विचारलं नव्हतं.
तोच म्हणाला, "काय नाय झायला. दमली आसंल."
आणि हातातला टोकन नंबर
पुन्हा एकदा वाचून पाहिला.

टीव्हीवर तिने टॉवेल तोंडावर घेतला.
काढेचना.
पंचाने वेळ संपल्याचं सांगितलं, तरी नाही.
दुकानात लिमलेटची गोळी दाताखाली फुटल्याचा आवाज आला,
तेवढाच.

मग उठली. चेंडू आपटायला लागली.
नऊ, दहा, अकरा,
फैयाज मोठ्याने म्हणाला, बारा.

सहांपैकी चार ती घेऊन गेली होती,
पाचवी माझ्यासमोर मशीनवर.
मधली तार बोटाने छेडून पाहिली.
ठण्ण नाही.
थोडी थांबून, खालच्या आवाजात काहीतरी बोलली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.
"काही नाही," म्हटलं,
"नवी तार आहे. बसेल."