सहा फुटांचा चढ

ढोके कंपाउंडरच्या दारातला चढ म्या बांधला.
म्हनलं होतं, बारा फूट लागतीन.
नालीच्या पुढं ग्रामपंचायत जाऊ देत नाई,
मांगं तुळस, तुळशीमांगं जोतं.
सहा फुटात बसव, म्हने.
बसवला.
वल्ल्या सिमेंटवर सुतळी दाबून
आडव्या रेघा मारल्या, चाक घसरू नये म्हनून.
थ्या पाहून कोनीबी मिस्तरी म्हनन,
हात साफ आहे.

तवा त्याच्या घरी लुना होती.

मंग प्रज्वलनं दारव्ह्याहून जुनी गाडी आनली,
पांढरी, कोन्या डॉक्टरची,
आन अमरावतीले नेऊन तिच्या स्प्रिंगा कापून आनल्या.
आता थे जमिनीवर अशी बसते
जशी अंड्यावरची कोंबडी.
पोरं म्हनत, काय दिसते बाप्पा!
कंपाउंडर म्हने, पैसे देऊन उंची कमी करनारा
मले जनावराच्या दवाखान्यातबी भेटला नाई.

चढ संपून जिथं सपाट लागते
तिथं गाडीचं पोट टेकते.
थो आवाज साऱ्या गल्लीले पाठ.
ताटावरून मान वर करून लोक म्हनत, आला.
माह्या सिमेंटवर त्याचे ओरखडे:
एक पोळ्याचा,
एक लग्नाचा, थो लांब, गाडीत नवरी आन तीन करवल्या,
एक रागाचा, बापाशी भांडून रिव्हर्समधी काढलेला.
माह्या रेघा आडव्या, त्याच्या उभ्या.
येता-जाता मी पाहो,
आन मनात म्हनो, बारा फूट सांगतले होते.

आज चैतातले अकरा वाजले.
अमरावतीहून स्नेहलले घेऊन आला,
तिच्या मांडीवर आठ दिसाचं लेकरू, पोटाले टाके.
थे म्हने, उतरतो ना मी, चार पावलं तं आहे.
हा म्हने, बसून राह्य.
इंजिन चालू ठेवून माह्या ओट्यापाशी आला.
इतक्या वर्षात चढाबद्दल एक सबद बोलला नव्हता.
मिस्तरी, म्हने, आज घासली नाई पायजे.

सासूले उतरवलं.
बॅग उतरवली, डिंकाच्या लाडवाचा डबा,
डिक्कीतलं चाक, स्पीकरची पेटी.
(पेटी चौघायनं उचलली.)
सेंट्रिंगच्या दोन फळ्या आनून माथ्यापाशी टाकल्या.
सरळ नको घेऊ, म्हनलं.
नाल्यातून बंडी कधी सरळ काढते का कोनी?
तिरपी घे. एक चाक चढू दे, मंग दुसरं.

आन मी आडवा झालो,
माह्याच सिमेंटवर गाल टेकवून.
तव्यावानी तापलेलं.
गाडीच्या पोटाखालून पलीकडचं दिसे:
कंपाउंडरच्या चपला, एक शेळी,
आन मधात उजेडाची पट्टी.
चार बोटं.
येऊ दे. येऊ दे. डावीकडं मार.
तीन.
जराक. जराक. पाय नको काढू.
दोन.
एक.

तिथीसाच मले दिसलं.
गाल खाली असल्याबिगर दिसत नाई थे:
माथ्यावरची धार.
गुन्यात, वळंब्यात, लाईनीत,
पाटीच्या कोरीवानी सरळ, टोकदार.
गोल केली असती तं अर्धं पोतं सिमेंट लागलं असतं,
अन अर्धी दुपार.
सहा फुटाचं त्यात काहीच नव्हतं.
मले सरळ आवडते, एवढंच.

फळ्या करकरल्या.
पट्टी एकाची दोन झाली, दोनाची चार,
मंग नुसती शेळी राह्यली समोर.
लेकरू उठलंबी नाई.
तिकडून, भिंतीपलीकडून, कोनीतरी इचारलं,
आला नाई का आजून?

सांजेले छन्नी-हातोडा घेऊन गेलो.
कंपाउंडर खुर्ची टाकून बसले होते.
काय फोडून राह्यला बे?
म्हनलं, धार काढतो.
म्हने, कोनाची?