उंटावरून

सोहारच्या यार्डात वेल्डची फिल्म रात्री काढतात,
माणसं जेवायला गेली की, दोरी बांधून, पिवळा दिवा फिरवत.
माझं काम नोंदींचं:
जोड एकशे बारा, पाइप अठरा इंची, वेल्डर कोण.

त्या आठवड्यात टिपणीस साहेब आले. सल्लागार.
गळ्यात तीन पट्टे, तिन्हींवर त्यांचाच फोटो.
निळ्या उजेडाकडे काच न लावता बघत म्हणाले,
"मला आवाजावरूनच कळतं."
रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे रडत बसले
आणि सकाळी म्हणाले, इथली धूळ फार वाईट.

हमूदने विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
मी नोंदवहीचं मागचं पान काढलं.
दीडशहाणा: वरचा अर्धा घात करतो तो.
अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.
(हळद हमूदच्या घरी माशाला लावतात, तरी तो हसला नाही.)
पढतमूर्ख. भोंदू. तोतया.
भोंदू देवाच्या नावावर जगतो, तोतया दुसऱ्याच्या.
साहेब स्वतःच्याच नावाचे तोतया होते,
त्याला शब्द सापडेना.
शेवटी म्हटलं, उंटावरचा शहाणा.

इथे हमूद अडला.
उंटावरचा शहाणाच असतो, म्हणाला,
माझा आजा वरूनच वाळूचा रंग बघून विहीर सांगायचा.
मी त्याला सगळी गोष्ट सांगितली:
रांजणात अडकलेलं वासराचं डोकं,
उंट आत यावा म्हणून पाडलेली भिंत,
आणि वरून आलेला सल्ला, की मान कापा.
तो शांतपणे ऐकून म्हणाला,
उंट किती वर्षांचा होता? नर की मादी?
बसवला का नाही त्याला?

आमच्या गावात उंट एकदाच आला होता,
साबणाची जाहिरात घेऊन.
म्हण आम्ही त्याच्या आधीच करून ठेवलेली.

बरं, आणि याच्या उलट असतो त्याला?

पान कोरं होतं.
तज्ज्ञ रोज रात्री टीव्हीवर भांडतात.
निष्णात वकिलांना लावतात, जाणता फलकांवर चढला.
मुरलेला म्हणावं तर तो शब्द
लोणच्याचा, आणि राजकारण्यांचाही.

हुसेनमिया परकार, दाभोळचे, अठ्ठावीस वर्षं इथे.
कसलाही जोड दाखवा, म्हणणार, "बगूया, जमता काय."
त्यांची फिल्म उजेडावर धरली
तर एक सलग राखाडी पट्टी,
बघण्यासारखं काहीच नाही.
साहेबांच्या पद्धतीने केलेल्या जोडात
तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके.
ठिपके मी आता ओळखतो.

आता.
कुर्ल्याच्या एजंटने अर्जावर लिहिलं, अनुभव पाच वर्षं,
आणि मी पेन मागून घेऊन खाली सही केली.
पहिल्या रात्री फिल्म उलटी धरून
मान डोलवत उभा होतो.
परकार बाजूने गेले, जाता जाता ती सुलटी करून हातात दिली
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,
"चष्मो बदल रे, नंबर वाढलोसा दिसता."
मला चष्मा नव्हताच.
मग चार महिने जेवणाची सुट्टी त्यांनी माझ्यावर घालवली,
डबा मांडीवर, फिल्म खिडकीला.

हे हमूदला सांगितलं नाही.
वहीचं पान मिटलं, पुढे लिहिलं:
जोड एकशे तेरा, वेल्डर परकार, तपासणारा
आणि पेन जरा वेळ तिथेच.

शुक्रवारी हमूद आपल्या वाडीवर घेऊन गेला.
उंटीण बसवली, मला चढवलं, ती उठली
आधी मागून, मग पुढून, आणि पोटात खड्डा पडला.
वरून खरंच फार लांबचं दिसतं.
काय दिसतंय ते मात्र
दोरी धरून खाली चालणाऱ्या पोराला
विचारावं लागलं.