उपसा

बावधनला आम्ही तीन तळघरं खणतोय, गाड्यांसाठी.
मुरूम संपला, काळा कातळ लागला,
सुरुंगाची परवानगी नव्हती म्हणून ब्रेकर लावला
आणि अकराव्या मीटरला
कातळाच्या सांध्यातून पाणी आलं.
बोटाएवढं. गार.
नोंदवहीत मी लिहिलं : अडथळा – पाणी.

तेव्हापासून दोन पंप चालू आहेत, रात्रंदिवस.
पाइप रस्ता ओलांडून गटारात सोडलाय,
गटार राम नदीत, राम नदी मुळेत,
पुढचं आमच्या टेंडरात नाही.

सकाळी आठला टँकर येतो.
स्लॅबवरचं गोणपाट ओलं ठेवावं लागतं.
टँकरवाला झुंबर सानप, पाटोद्याकडचा,
वाहत्या पाइपापाशी उभा राहून बिडी पूर्ण ओढतो.
"मॅडम, हितलं पानी तिकडं, तिकडलं हितं.
मधी माझं डिझेल."
पंपाचं बिल एका खात्यात पडतं, टँकरचं दुसऱ्या.
सही दोन्हींवर माझीच.

गावठाणातले काशिबा आले एकदा,
पत्र्याच्या फटीतून, कुणाला न विचारता.
खड्ड्याच्या कडेला येऊन वहाणा काढल्या.
सेफ्टीवाला धावला, "बाबा, इथं बूट कंपल्सरी!"
"आसंल. आमाला हितं अनवानीच यायची सवं हाय."

मग खाली बघत बसले.
म्हणाले, डबकंच होतं, फार काही नव्हतं.
आधी गुरं प्यायची, मग माणसं.
बाळंतीण उठली की पहिली इथं यायची,
हळदकुंकू वाहायची, मगच घागरीला हात.
नळ आला त्या वर्षी येणं थांबलं.
भांडण नाही, तंटा नाही. असंच.
"सातबाऱ्यावर हीर लागती, बाई. झरा लागत न्हाई."
जमीन कुणी विकली, मी विचारलं.
"म्याच की."
आणि हसले, बोट दाखवलं :
पत्र्याबाहेर नातवाची पांढरी गाडी,
एसी चालू ठेवून थांबलेली.

परवा रात्री दोन वाजता वीज गेली.
जनरेटर खोकला, धरला नाही.
पंपांचा आवाज थांबल्यावर कळलं
की गेले चार महिने आम्ही सगळे ओरडून बोलतोय.
मी टॉर्च घेऊन शिडीने खाली उतरले.
सळयांच्या जाळीत पाणी चढत होतं, घाई नसल्यासारखं,
स्वच्छ, तळाचा कातळ दिसेल इतकं,
आणि त्यात एक बेडूक.
अकरा मीटर खाली, चार बाजूंना काँक्रीट;
हा कुठून आला, कुणाच्या सांगण्यावरून?
घोट्यापर्यंत. मग पिंढरीपर्यंत.
घरच्या ग्रुपवर तेवढ्यात मेसेज :
उद्या नळाला पाणी नाही, बादल्या भरून ठेवा.

तीनच्या सुमारास जनरेटर धरला.
नोंदवहीत लिहिलं : काम बंद, पन्नास मिनिटं. कारण – वीज.

सकाळी साहेबांचा फोन,
"पाणी गेलं का?"
नाही अजून, मी म्हटलं.
आवाजात जरा खेद आणायला हवा होता.
जमलं नाही.