पंगत

मिरची तो डाव्या पायात धरतो.
देठ आधी उडवतो, मग पोट फाडून
नुसत्या बिया. साल खाली,
घणसोलीच्या बाराव्या मजल्यावर
मी आत्ताच पुसलेल्या फरशीवर.

पेरू चालतो. भिजवलेले हरभरे, मूड असेल तर.
एकटा मात्र जेवत नाही.
शरयू हॉस्टेलला गेली तेव्हापासून
संध्याकाळी वाटी जशीच्या तशी;
समोर कुणाचं तरी तोंड हलताना दिसावं लागतं.

आज माझी संकष्टी.
रिकामं ताट घेऊन बसले,
खोटंखोटं चावत राहिले.
मान तिरकी करून त्याने पाहिलं,
पाहिलं बराच वेळ,
आणि चोचीतला, अर्धा चघळलेला हरभरा
आणून ठेवला ताटात.

चंद्रोदय नऊ वाजून बारा मिनिटांनी आहे.