मनगटातून

डेट्रॉइटच्या शाळाबसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर
वर्नेटा पिकेन्स काळा टॉवेल अंथरते.
सहा वर्षं झाली. पोरांना वाटतं, थंडीसाठी.

डॉक्टर फळांच्या भाषेत बोलतात:
एक गाठ लिंबाएवढी, दोन संत्र्यांएवढ्या.
"मग बाजारच मांडा की," ती म्हणाली.

तिच्या आईला कुणी विचारलंच नव्हतं.
अडतिसाव्या वर्षी पिशवी काढून टाकली,
बेंबीखाली उभा व्रण,
आणि वर म्हणाले, सुटलात.
आई सुटली नाही. गप्प झाली.

वर्नेटाला घड्याळ बांधायच्या जागी
बारीकसं टोचलं.
नळी मनगटातून शिरली, खांद्याशी वळली,
खाली उतरली
जिथे गाठी रक्त पीत बसल्या होत्या.
ती पडद्याकडे बघत राहिली:
डावीकडे, आता सरळ, जरा हळू.
एक वळण चुकतं तर
तिनंच आधी सांगितलं असतं.
वाळूसारखे कण सोडले. रसद तुटली.
कापलं काहीच नाही.

रात्र मात्र वाईट गेली.
त्या कळांना कुठल्याच फळाचं माप नव्हतं.

मार्चमध्ये पाळी आली,
साधी, चार दिवसांची.

टॉवेल अजून सीटवर आहे.
धुतलेला, घडी घातलेला,
पण आहे.