उजवीकडे, जरा खाली

मी डॉक्टर नाही. केहुई बेटावरून कास्त्रोला
बटाटे, मेंढ्या, माणसं नेणारा बोटवाला.
पण तेहतीस वर्षांत एवढं शिकलो,
कोण किती आजारी ते लाट सांगते.
मळमळणारा कठड्यावर वाकतो, ओकतो,
आणि पुढच्या बेटापर्यंत गप्पांना लागतो.
रोसामेल वाकला नाही.
गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला
आणि प्रत्येक लाटेआधी श्वास धरू लागला,
जणू लाट बोटीला नाही, त्यालाच लागणार होती.

अकरा वर्षांचं पोर. आदल्या संध्याकाळी
आईला म्हणालं, बेंबीपाशी दुखतंय.
ऑर्तेन्सियानं हिशेब मांडला:
कच्ची सफरचंदं किती, शिंपले किती,
आणि बोल्दोच्या पानांचा काढा उकळला.
चुकली का? नाही हो.
पोरांची पोटं दुखतातच,
बहुतेकदा सकाळपर्यंत थांबतात.
न थांबणाऱ्याच्या कपाळावर
तसं काही लिहिलेलं नसतं.

नसतंच असंही नाही.
चुलीवर बटाट्याचे मिल्काओ तळले जात होते
आणि त्यानं तोंड फिरवलं. यानं! मिल्काओवरून!
मग ओकला. मग अंगात कणकण.
आमच्या बेटांवर अख्खं घर
बैल जोडून, दोर लावून,
शेजारीपाजारी दुसऱ्या जागी ओढत नेतात.
पहाटे दुखणं तसं हललं.
बेंबीपासून निघालं
आणि उजवीकडे, जरा खाली,
बिऱ्हाड करून बसलं.

दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून एकदा येतो.
बाकी दिवस एदिता नावेलकिन आणि तिचा रेडिओ.
ती म्हणाली, एका पायावर उडी मार.
मारली त्यानं. खाली आला तो पोट धरूनच.
तिनं पोट हळूच दाबलं, ते सोसलं,
हात झटकन उचलला तेव्हा ओरडला.
आईनं लोकरीत गुंडाळून गरम वीट आणली होती,
आणि सासूबाईंनी दिलेलं जुलाबाचं औषध.
"वीट चुलीपाशी परत ठेव. बाटली इकडे दे.
आता काढा नाही, भाकरी नाही, पाण्याचा घोटही नाही."
"अपेंडिक्स आहे का?"
"असेल. नसेल. ते इथे बसून कळायचं नाही.
नसलं, तर बोटीचं भाडं माझ्याकडून घ्या."

धुकं होतं. इंजिन जपून चालवत होतो.
अर्ध्या वाटेवर पोरानं पाय लांब केले.
"आई, थांबलं."
ऑर्तेन्सियानं छातीवर क्रूस काढला,
त्याच्या केसांत तोंड खुपसून हसली, रडली.
मलाही हलकं वाटलं, हात आपोआप
वेग कमी करायला गेला.
तेवढ्यात एदिताचा चेहरा पाहिला.
तिनं पोरावरचं ब्लँकेट सारलं, हात ठेवला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आहे तेवढा वेग दे."
मग हळू, फक्त मला ऐकू जाईल असं,
"नुसतं थांबलं नसेल. फुटलं असेल."

धक्क्यावर अँब्युलन्स होती. रेडिओचं काम.
पोर तेव्हा पुन्हा तापलं होतं, पोट फळीसारखं.
कास्त्रोच्या इस्पितळात सोळा दिवस राहिलं.
जगलं. आता माझ्याएवढं उंच आहे,
आणि उन्हाळ्यात शर्ट काढून
व्रण दाखवत हिंडतं, गाढव.

भाड्याची गोष्ट एदितानं पुन्हा काढली नाही.
मीही नाही. पण एक सवय लागली.
बोटीत कुणी पोट धरून चढलं
की मी विचारतो, सुरुवात कुठे झाली?
आणि आता कुठे आहे?
बायको हसते, म्हणते, डॉक्टरसाहेब.
हसू दे.
बंदर सुटलं की मी एक लाट
मुद्दाम जरा आडवी घेतो,
आणि समुद्राकडे न पाहता
त्या माणसाच्या श्वासाकडे पाहतो.