दोन किलो सहाशे

गुंदेचांनी काउंटरवर दोन्ही शेजारीशेजारी मांडलेत.
डावीकडे लॅपटॉप, काळा, कोपऱ्यांना धार,
कीबोर्डाखालून लाल-जांभळा उजेड वाहतोय
मांडवाच्या माळांसारखा.
उजवीकडे तो डबा.
पोळ्यांचा डबा असतो तेवढाच,
फार तर दोन पोळ्या जास्त मावतील.

मी डब्याच्या बाजूचा.
महिनाभर वाचलंय, वहीत रकाने आखलेत,
निळ्या पेनाने फायदे, लाल पेनाने तोटे,
आणि डब्याखाली लाल शाई जवळजवळ नाहीच.

"तेवढ्याच पैशात दीडपट ताकद," मी निषादला सांगतो,
"आणि तापत नाही. हा लॅपटॉप घेऊन बस
मे महिन्यात, वडगाव शेरीत, वरच्या मजल्यावर.
शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा फुसफुसतो ना,
गेम संपेपर्यंत तसाच.
डब्यात उद्या रॅम वाढवता येईल,
तीन वर्षांनी कार्ड बदलता येईल.
एखादा भाग गेला तर तेवढाच जातो,
बाकीचं चालू राहतं."

शेवटचं वाक्य मी जरा जास्तच जोरात बोललो.
गुंदेचा मान डोलावतात.
त्यांना दोन्ही खपवायचेत.

निषाद पंधरा वर्षांचा.
तो स्क्रीनकडे बघत नाही, कार्ड कुठलं ते विचारत नाही,
लॅपटॉप मिटतो, तळहातावर घेतो
आणि कलिंगड जोखावं तसा खालीवर करून बघतो.
"किती?"
गुंदेचा किंमत सांगतात.
"नाही, वजन."

दोन किलो सहाशे.
चार्जर वेगळा. आठशेच्या आसपास.

शुक्रवारी संध्याकाळी क्लास सुटला की
तो नळस्टॉपला मेट्रोत चढतो,
रामवाडीला जिन्याखाली मी स्कूटर घेऊन उभा.
रविवारी रात्री हेच उलट,
नळस्टॉपला वैदेही उभी असते.
टूथब्रश तिकडे एक, इकडे एक.
चपला, टॉवेल, सर्दीचं औषध, सगळ्याच्या जोड्या.
एकटा असा फक्त चष्मा,
आणि तो नाकावर असतो म्हणून विसरत नाही.

"डेस्कटॉप घेतला तर ठेवायचा कुठे, बाबा?"

साधाच प्रश्न. टेबलाबद्दल असावा तसा.
आणि टेबल तर मी आधीच मोजलं होतं,
खिडकीलगतचं, माझ्या घरातलं,
चोवीस इंची स्क्रीन, मागे वायरींना चार बोटं जागा.
वहीत हा रकाना नव्हता:
डबा एकदा ठेवला की ठेवला.
ज्याच्या घरी डबा, त्याच्या घरी
परीक्षा संपल्यानंतरचे दिवस,
दिवाळीची सुट्टी, एखादा जादाचा सोमवार.

मी वही मिटली.
त्याने माझ्याकडे बघितलं नाही,
हे त्याने मुद्दाम केलं असं मला अजूनही वाटतं.

लॅपटॉपच घेतला.
पैसे देताना मी म्हणालो, आणखी एक चार्जर द्या.
"खोक्यात येतोच की, साहेब."
माहितेय. दुसरा. याच कंपनीचा.
गुंदेचांनी किंमत सांगितली, मग स्वतःच पडल्या आवाजात म्हणाले,
महाग पडतो हो.
पाठीवरचे आठशे ग्रॅम तरी कमी.

आता खिडकीलगतच्या टेबलावर
बाकी काही नाही, एक काळी वीट आणि तिची शेपटी.
सोमवारी सकाळी मी बटण बंद करतो,
उगाच वीज कशाला.
शुक्रवारी, स्कूटरची किल्ली शोधायच्या आधी,
पुन्हा चालू करतो.
त्यावर मुगाएवढा हिरवा दिवा लागतो.

चार्जर आधीपासून चालू ठेवून
काही होत नसतं.
मी वाचलंय.